हे नाव कुठपर्यंत चालतं?

रोकडे मॅडमसमोर कोणतंही नाव मोकळं सोडायची सोय नव्हती. त्या ऑफिसात रुजू झाल्या त्या पहिल्याच दिवशी मी आपला सहज म्हणालो, "शेठ बाहेर गेलेत." झालं! मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कुठला शेठ?" आता भिवंडीत हा प्रश्न रास्तच आहे म्हणा. खाली लूमवाले शेठ, समोर सुताचे शेठ, आणि आमचा चहावाला तर दिसेल त्याला शेठच म्हणायचा. मी म्हणालो, "अहो, आपले शेठ." तर म्हणतात कशा, "'आपले' म्हणजे कुठपर्यंतचे? ह्या खोलीपुरते, मजल्यापुरते, की अख्ख्या निजामपुऱ्यापुरते?" ही बाई आपल्याला सुखानं जगू देणार नाही, हे मला तिथेच कळलं.

आमचं ऑफिस निजामपुऱ्यात एका लूमच्या कारखान्यावर, पहिल्या मजल्यावर होतं. खाली माग सुरू झाले की टेबलावरचे कीबोर्ड आपोआप सरकायचे आणि आम्ही सगळे एकमेकांशी ओरडून बोलायचो. ऑफिस होतं आमच्या शेठचं, म्हणजे अण्णांचं. त्यांच्या वडिलोपार्जित शेतात गोदामं उठली, हातात पैसा खेळायला लागला, आणि शेजारच्यानं बियरबार काढला म्हणून अण्णांनी ईर्षेनं सॉफ्टवेअरची कंपनी काढली. गोदामांसाठी प्रोग्राम लिहायचे हा धंदा. कंपनीत माणसं तीन. अण्णांचे जावई राकेश, मी, आणि पडघ्याहून रोज एसटीनं येणाऱ्या विशाखा रोकडे, एमएस्सी गणित. त्यांना अण्णांनी घेतलं कारण मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या, "मी कमी बोलते." अण्णांना ते फार आवडलं होतं. ते खोटं होतं हे नंतर कळलं.

मॅडम प्रोग्राम लिहायच्या हास्केल नावाच्या भाषेत. भिवंडीत ही भाषा जाणणारं दुसरं माणूस नव्हतं, ठाण्यातही असेलसं वाटत नाही. आम्ही बाकीचे जी भाषा वापरायचो तिच्यात एक नाव वर कुठेतरी लिहून ठेवायचं आणि मग प्रोग्रामभर कुणीही यावं, त्याची किंमत बदलून जावं, असा कारभार. त्याला ग्लोबल म्हणतात. मॅडमना ग्लोबल शब्द ऐकला तरी शिसारी यायची. "ग्लोबल म्हणजे सामाईक सातबारा," त्या म्हणायच्या. "सगळ्यांची नावं लागलेली. कुणी काय विकलं, कुणी कुंपण सरकवलं, कोर्टात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सामाईक जितकं कमी, तितकी भांडणं कमी." अण्णांच्या घरात सामाईक जमिनीचे दोन दावे चालू होते. हे ऐकून त्यांनी जोरजोरात मान डोलावली.

हास्केलमध्ये प्रोग्रामचे वेगवेगळे भाग पाडतात, त्यांना मोड्यूल म्हणतात. प्रत्येक मोड्यूलच्या माथ्यावर लिहायचं, ह्यातलं बाहेर काय काय द्यायचं. जे तिथे लिहिलं नाही ते बाहेरच्याला दिसतच नाही, मग तो कितीही डोळे फाडून बघो. मॅडमचा डबाही ह्याच नियमानं चालायचा. वरच्या कप्प्यातली भाजी सगळ्यांना. खालच्या कप्प्यात सुकटीची चटणी असायची, तिच्यावर मात्र झाकण. राकेशनं एकदा हात पुढे केला तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे बाहेर देत नाही." जावईमाणूस! त्याला आयुष्यात कुणी ताटावरून नाही म्हटलं नव्हतं. बिचारा दिवसभर फुगून बसला होता.

आणि एका कामापुरती जी नावं लागतात, ती त्याच कामाच्या खाली, आत सरकवून लिहायची आणि तिथेच संपवायची, हा दुसरा नियम. मला तो कळेना. मॅडम म्हणाल्या, "पडघ्यात आमच्या आळीत 'नाना' म्हटलं की एकच माणूस ओ देतो. तीच हाक भिवंडीच्या एसटी स्टँडवर मार बरं. आठ जण वळून बघतील, त्यातले दोघं भांडायला येतील. नाव चुकीचं नाही सुनील, जागा चुकली." मग पेन्सिलीनं माझ्या कागदावर टकटक करत त्यांचा तो ठरलेला प्रश्न, "हे नाव कुठपर्यंत चालतं?" मला तो प्रश्न झोपेतही ऐकू यायचा. बायकोला हाक मारतानाही मी अडखळायला लागलो होतो, खोटं नाही सांगत.

हे सगळं अण्णांना चाललं, पण एक गोष्ट त्यांना खुपत होती. एक दिवस त्यांनी मॅडमना समोर बसवलं. "बाय, तू हुशार हायस, त्यात वाद न्हाय. पन उद्या तू गेलीस तर ह्ये वाचनार कोन? राकेशला न्हाय येत, सुनीलला न्हाय येत. मी काय पूजा घालू त्याची?" अण्णा मनानं चांगले, पण शब्दाचे पक्के. ते म्हणाले, "पाटील कंपाउंडचं काम कर तुझ्या भाषेत. ते जमलं तर ठीक. न्हाय जमलं तर समद्यांना येते ती भाषा धर, न्हायतर तू तुझा रस्ता बघ." मॅडमनी मान हलवली आणि जागेवर येऊन पेन्सिलीला टोक काढत बसल्या. टोक केव्हाच झालं होतं, तरी काढत होत्या.

पाटील कंपाउंडचं काम म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. हायवेला लागून तीन भावांची गोदामं, एका भिंतीच्या आत. हरीभाऊ, मधुकर आणि जनार्दन. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. सामाईक राहिलं ते एक फाटक, एक वजनकाटा आणि एक वॉचमन. गोदामाच्या एकेका खोलीला आमच्याकडे गाळा म्हणतात, आणि गाळ्यांवर नंबर असतात. तर ह्या तिघांनी आपापल्या पहिल्या गाळ्यावर नंबर टाकला होता, एक. तिघांनीही! हरीभाऊ म्हणायचे, "मी थोरला, एक नंबर माझाच." मधुकर म्हणायचा, "पहिला गाळा बांधला कोनी? मी." आणि जनार्दन फाटकाकडे बोट दाखवायचा, "आत शिरलं का पहिला गाळा कोनाचा लागतो? डोले हायत ना तुमाला?" तिघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती. बोलचाल बंद होऊन वर्षं झाली होती.

आधीचा प्रोग्राम आमच्या जावईबापूंचा होता. त्यात 'चालू गाळा' नावाचं एकच ग्लोबल होतं. फाटकावर एका गाडीची नोंद चालू असताना दुसरी आली की पहिलीचा गाळा बदलून जायचा. पंख्यांची खोकी बिस्किटांच्या गाळ्यात आणि बिस्किटं थेट खताच्या गाळ्यात. एकदा फाटकावर एक ट्रक ड्रायव्हर हात जोडून उभा होता. "भाईसाब, एक नंबर में ताला है, दूसरे एक नंबर में बोला माल भर गया. तीसरा वाला एक नंबर किधर है?" राकेश म्हणाला, "त्यात माझी काय चूक? लोकांनी नंबर नीट टाकावेत!"

आणि नेमकं तेव्हाच मुंबईची एक साबणाची कंपनी अख्खं कंपाउंड भाड्यानं घ्यायला तयार झाली. तिची अट एकच, फाटकावर कॉम्प्युटरची पावती निघाली पाहिजे आणि माल जिथल्या तिथे सापडला पाहिजे. त्यांचा साहेब बघायला येणार होता. सगळ्यांनी भावांना समजावलं, एकानं दोन व्हा, एकानं तीन. छे! राकेशनं अ, ब, क सुचवलं, तर क कोण होणार? अण्णांनी डोकं चालवून फुलांची नावं सुचवली, गुलाब, मोगरा, झेंडू. जनार्दन उठून उभा राहिला, "म्हंजे झेंडू मी का?"

मॅडमनी तिघांना वेगवेगळ्या वेळी ऑफिसात बोलावलं. वेळ वेगळी दिली तरी हरीभाऊ सवयीनं लवकर आले आणि मधुकरची पाळी चालू आहे हे बघून जिन्यातच बसले. आत मधुकर मॅडमशी बोलत होता. खाली लूम धडधडत होते, तेव्हा तो गुपित सांगायचं तेही ओरडूनच सांगत होता. आणि भिवंडीत जे रोज व्हायचं ते झालं. लाइट गेली. खालचे सगळे माग एकदम थांबले, आणि त्या शांततेत मधुकरचा आवाज गल्लीभर गेला, "मोठा भाव एकदा गोड बोलला आसता ना मॅडम, तर मी दोन नंबर पन घेतला आसता!"

जिन्यात हरीभाऊ टोपी काढून हातात धरून बसले होते. मग ते उठले आणि आमच्याकडे न बघता खाली निघून गेले. मधुकरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

अण्णा तर आनंदानं टेबलावर थाप मारून म्हणाले, "सुटला गुंता! आता दोघं ऐकतील, मग तिसरा जातोय कुठं? टाक नंबर एक-दोन-तीन आनि मोकली हो!" कुणीही टाकले असते. मी तर नक्कीच. मॅडम म्हणाल्या, "नाही." अण्णांना वाटलं, इतक्या शांततेतही आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मॅडमनी पुन्हा सांगितलं, "आज ऐकतील अण्णा. उद्या पुन्हा बिनसलं तर? माणसांचा मूड बघून प्रोग्राम लिहायचा नसतो. आणि ते तिघं चुकलेलेच नाहीत. आपापल्या भिंतीच्या आत तिघंही एक नंबरच आहेत." अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला समजाव, हिची नोकरी जाईल." माझी काय बिशाद!

मॅडमनी काय केलं, तर प्रत्येक भावाचं एक मोड्यूल केलं. आत त्यानं हवा तो नंबर ठेवावा. चौथं मोड्यूल फाटकाचं. फाटकाला भावांच्या आतलं काही दिसत नव्हतं. ते फक्त विचारायचं, ह्या मालाच्या पावतीवर काय छापू? भावाचं मोड्यूल आतून नंबर सांगणार, आणि बाहेर येताना त्या भावाचं नाव नंबराच्या आधी लागणार. हरी-१, मधू-१, जना-१. एवढंच! मी म्हणालो, "मॅडम, हे तर साधं आहे." त्या म्हणाल्या, "घरात नुसतं नाव. बाहेर पडलं की आडनाव लावायचं. तुझ्या आईनं शिकवलं नाही का?"

आणि गंमत बघा, भाऊ खूश! जनार्दननं पावती उजेडात धरली. "म्हंजे माझं नाव आधी आनि एक नंबर नंतर? हां, ह्ये बराबर हाय." प्रत्येकाला वाटलं, मॅडमनी आपलंच ऐकलं. जनार्दननं तर ती पावती घरी देव्हाऱ्याशेजारी चिकटवली, असं वॉचमन सांगत होता.

साबणाचा साहेब आला तेव्हा फाटकावर आम्ही सगळे हजर. मॅडमनी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली होती आणि हातातली पेन्सिल सारखी खाली पडत होती. साहेबानं मोकळेपणानं विचारलं, "तर तुमच्यापैकी एक नंबरचा गाळा कुणाचा?" तिघं एका आवाजात, "माझा!" साहेब दचकून मागे सरकला. अण्णांनी डोळे मिटले. मॅडम पुढे होऊन म्हणाल्या, "बरोबर आहे साहेब. तिघंही बरोबर सांगतायत. तुम्ही गाड्या सोडा." दोन ट्रक एकदम आत घेतले, दोन्हींचा माल एक नंबरचा. दोन पावत्या निघाल्या, दोन गाड्या दोन दिशांना गेल्या, आणि साबण साबणाच्या जागी पडला. साहेबानं स्वतः जाऊन खोकी मोजली आणि परत येऊन मॅडमना नमस्कार केला. करार झाला.

अण्णांनी पेढे वाटले. पण पेढा मॅडमच्या हातावर ठेवताना ते म्हणालेच, "काम झ्याक केलंस बाय. पन माझा सवाल तसाच हाय. वाचनार कोन?"

त्या सवालानं मॅडमना पुरतं पछाडलं. त्यांनी मला धरलं. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या मला एक मोड्यूल वाचायला बसवायच्या. "लिहायचं नंतर. आधी वाचायला शिक." मी चुकून दुसरं मोड्यूल उघडलं की पेन्सिल हातावर. "त्याच्या आत काय आहे ह्याच्याशी तुझा काय संबंध? तुला लागतं तेवढं ते बाहेर देतंय ना? मग बंद कर." मी कंटाळायचो, चिडायचो. एकदा तर म्हणालो, "मॅडम, तुमच्यानंतर राकेश हे सगळं फेकून देणार आहे, कशाला माझं डोकं खाता?" त्यांनी खालचा कप्पा उघडून सुकटीची चटणी माझ्या पोळीवर ठेवली. मी मुकाट्यानं पुढची ओळ वाचली.

पुढे औरंगाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांना नोकरी लागली. चांगली नोकरी होती, अडवायला तोंड नव्हतं. अण्णांनी निरोपाच्या आदल्या दिवशीच सांगून टाकलं, "तुझा प्रोग्राम चालतोय तवर चालंल. पैल्यांदा अडला का राकेश नवा लिहील." मॅडम म्हणाल्या, "बरं." आणि पुन्हा मला वाचायला बसवलं.

निरोपाच्या दिवशी तिघं पाटील बंधू तीन शाली आणि तीन नारळ घेऊन हजर. पहिला सत्कार कुणी करायचा? आली का पुन्हा पंचाईत! मॅडम हसल्या आणि उठल्या. हरीभाऊंनी त्यांना अण्णांच्या केबिनमध्ये पहिली शाल दिली. मधुकरनं बाहेरच्या खोलीत पहिली शाल दिली. जनार्दननं गच्चीत पहिली शाल दिली. तीन शाली अंगावर घेऊन त्या घामाघूम होऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "चहा मात्र सगळ्यांचा एकाच किटलीतून." चहावाल्यानं किटली आणली. हरीभाऊंनी पहिला ग्लास भरला, जरा घुटमळले आणि मधुकरच्या हातात दिला. "घे रं," एवढंच म्हणाले. मधुकरनं तो दोन्ही हातांनी घेतला. आम्हाला सगळ्यांनाच एकाएकी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची गरज भासली.

मॅडम गेल्या. ऑफिसात आता कोणतंही नाव कसंही घेता येत होतं आणि त्यात काही मजा नव्हती.

प्रोग्राम चालत राहिला. मग हरीभाऊ थकले आणि त्यांनी कारभार विलास आणि किरण ह्या दोन पोरांवर सोपवला. पोरांनी गाळे वाटून घेतले आणि पहिलं काम काय केलं, तर दोघांनी आपापल्या पहिल्या गाळ्यावर रंगानं नंबर काढला. एक! घराण्याचं रक्तच तसं. फाटकावर हरी-१ च्या दोन पावत्या निघाल्या आणि गाड्या अडल्या. अण्णा राकेशला म्हणाले, "घे, तुझा मुहूर्त लागला. नवा लिही." राकेशनं बाह्या सरसावल्या. मी म्हणालो, "अण्णा, मला संध्याकाळपर्यंत द्या." हे मी कोणत्या बळावर बोललो, मला ठाऊक नाही.

मी फक्त हरीभाऊंचं मोड्यूल उघडलं. दुसरं उघडायला हात शिवशिवला, पण पेन्सिल आठवली. आत सगळी नावं आपापल्या कामाच्या खाली निमूट बसलेली होती. वाचता येत होतं, देवाशप्पथ वाचता येत होतं! हरीभाऊंच्या आत मी दोन छोटी घरं केली, एक विलासचं, एक किरणचं. दोघांना आपापला एक नंबर दिला. बाहेर पडताना हरी-विलास-१, हरी-किरण-१. फाटकाला तर हरीभाऊंना पोरं किती, हेच ठाऊक नव्हतं. मॅडमनी तशी गरजच ठेवली नव्हती. संध्याकाळी गाड्या सुटल्या. राकेशनं बाह्या खाली केल्या, आणि खरं सांगतो, त्यानंच चहा मागवला.

मी औरंगाबादला फोन लावला. "मॅडम, हरीभाऊंच्या पोरांनी वाटणी केली!"

"कुठले हरीभाऊ?" तोच आवाज.

"भिवंडीचे. पाटील कंपाउंडातले. हरीभाऊ."

"हां, असं पूर्ण बोलावं. मग? अडलं?"

"अडलं होतं. चालू केलं."

"फाटकाचं मोड्यूल बदलावं लागलं?"

"एक ओळसुद्धा नाही. मधू, जना, कुणालाच हात लावला नाही. हरीच्या आतच भागलं."

"कुणी केलं? राकेशनं?"

"मी केलं, मॅडम."

त्या म्हणाल्या, "तूच केलंस, सगळं चालतंय, तर मला कशाला फोन केलास?"

मी फोन खिडकीजवळ नेला. खाली लूम धडधडत होते, ते त्यांना फोनमधून ऐकू जात असणार.

"अण्णा आहेत का तिथे?" त्यांनी विचारलं. "आपले अण्णा?"

"आहेत."

"त्यांना सांग, वाचणारा सापडला."